न टिकणाऱ्या वस्तूंचा वारसा

लिथुआनियात खेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की वळणावर, घराच्या फाटकाशी, दफनभूमीच्या तोंडाशी ओकच्या लाकडाचे उंच खांब दिसू लागतात. खांबाच्या माथ्यावर छोटंसं छप्पर, छपराखाली कोरलेली मूर्ती आणि सगळ्यात वर लोहाराने घडवलेला लोखंडी क्रूस. त्या क्रुसातून सूर्याचे किरण फुटलेले असतात आणि पायथ्याशी बऱ्याचदा चंद्रकोर असते. ख्रिस्ती धर्म इथे १३८७ मध्ये आला, म्हणजे युरोपच्या मानाने फारच उशिरा. पश्चिमेकडच्या झेमाइतिया प्रांतात तर १४१३ मध्ये. त्याआधी पुजले जाणारे सूर्य-चंद्र लोखंडाच्या रूपाने मागे राहिले, असं इथले अभ्यासक म्हणतात. तो क्रूस डोळ्यांनी पाहिला की ते पटतं.

छपराखालच्या मूर्तींपैकी माझा जीव जडला तो रुपिंतोयेलिसवर. काटेरी मुकुट घातलेला, गाल तळहातावर टेकवून विचारात पडलेला ख्रिस्त. शहरातल्या चर्चमध्ये तो क्रुसावर ताणलेला असतो. खेड्यातल्या कारागिराने त्याला खाली बसवलं, जरा टेकू दिलं. या कारागिरांना इथे दिएव्हदिर्बिस म्हणतात, देव घडवणारे. त्यातले बहुतेक शेती करून उरलेल्या वेळात कोरायचे, कुठल्याही कलाशाळेची पायरी न चढलेले. मूल जगलं म्हणून, कुणी बुडून गेलं म्हणून, नवं घर बांधलं म्हणून लोक त्यांच्याकडून खांब करवून घ्यायचे. कारण घरचं असायचं आणि खांबही घरचाच वाटायचा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी काउनास या इथल्या शहरात राहायला आले आणि या खांबांच्या नादी लागले. पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. जुना म्हणून जो खांब लोक दाखवतात, तो अनेकदा जागेच्या हिशोबाने जुना असतो, लाकडाच्या नाही. ओक चिवट असला तरी मातीत रोवलेला बुंधा पावसाबर्फात कुजतोच. एक-दोन पिढ्यांत खांब कलतो, पडतो, आणि कुणीतरी त्याच जागी नवा उभारतो. छप्पर मूर्तीला पावसापासून वाचवतं, पण बुंध्याला कोण वाचवणार? दगडी देवळांच्या प्रदेशातून आलेल्या मला हे आधी फार अस्वस्थ करायचं. आपल्याकडे वारसा म्हटलं की हेमाडपंती देऊळ, किल्ला, लेणी डोळ्यांपुढे येतात. शेकडो वर्षं जागचं न हललेलं काहीतरी. इथे वारसा लाकूड, काड, सूत आणि मेणाचा आहे. त्यातलं जवळजवळ काहीच फार काळ टिकत नाही.

व्हिन्त्सास स्वीर्स्किस या कारागिराचं उदाहरण घ्या. जन्म १८३५, मृत्यू १९१६. मध्य लिथुआनियात तो गावोगाव फिरायचा, ज्याचं काम असेल त्याच्याच घरी मुक्काम टाकायचा आणि एकाच ओकच्या खोडातून अख्खा क्रूस मूर्तींसकट कोरून काढायचा. मूर्ती वेगळी करून खिळ्याने ठोकलेली नाही, खोडातूनच उगवलेली. हे लक्षात घेतलं पाहिजे की त्याच्या उमेदीचा मोठा काळ बंदीचा होता. रशियन सत्तेविरुद्धचा १८६३ चा उठाव चिरडल्यावर झारच्या अधिकाऱ्यांनी रस्त्याकडेला नवे क्रूस उभारायला मनाई केली, आणि १८६४ पासून लॅटिन लिपीत लिथुआनियन पुस्तकं छापायलाही. ती छपाईबंदी १९०४ पर्यंत, तब्बल चाळीस वर्षं टिकली. पुस्तकं सीमेपलीकडे प्रशियात छापली जात आणि लोक ती पाठीवर बांधून, रात्री सीमा ओलांडून आणत. पकडले गेले तर तुरुंग किंवा सैबेरिया. पुस्तक लपवणारी आणि क्रूस उभारणारी माणसं वेगळी नव्हती, एकाच गावची, कधी एकाच घरातली होती.

श्याउल्याई शहराजवळची क्रुसांची टेकडी आता जगभर प्रसिद्ध आहे. १८३१ च्या उठावात मेलेल्यांसाठी तिथे पहिले क्रूस लागले असं मानतात. सोव्हिएत काळात, १९६१ च्या एप्रिलमध्ये, त्या टेकडीवर बुलडोझर फिरवला गेला. लाकडी क्रूस जाळले, लोखंडी भंगारात गेले, दगडी पुरले. लोकांनी पुन्हा उभारले. सत्तरच्या दशकात पुन्हा बुलडोझर आले. वाटेवर पहारे बसले आणि पहारा चुकवून रात्रीतून क्रूस उगवत राहिले. ७ सप्टेंबर १९९३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे तिथे आले तेव्हा टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आज जे तिथे उभं आहे त्यातलं एकोणिसाव्या शतकातलं जवळपास काही नाही. तरी ती टेकडी बनावट आहे असं कुणी म्हणणार नाही. तिचा जुनेपणा पुन्हा उभारण्याच्या सवयीत आहे.

या सवयीचा एक पैलू मला फार मोलाचा वाटतो आणि त्याविषयी बाहेर कमी बोललं जातं. सोव्हिएत राजवटीत क्रूस कोरणं धोक्याचं होतं, पण 'लोककला' या नावाखाली लाकूड कोरायला आडकाठी नव्हती. १९६६ मध्ये लोककलाकारांची संस्था उभी राहिली. जर्मनांनी १९४१ च्या जूनमध्ये जाळलेल्या आब्लिंगा गावाच्या स्मरणार्थ १९७२ मध्ये कारागिरांनी एकत्र येऊन ओकचे तीस खांब कोरले. १९७५ मध्ये चित्रकार-संगीतकार च्युर्लिओनिस यांच्या जन्मशताब्दीला व्हारेना ते द्रुस्किनिंकाई रस्त्यावर कोरीव खांब लागले. १९७९ पासून समुद्रकाठच्या युओद्क्रांतेला 'चेटकिणींची टेकडी' लोककथांतल्या लाकडी पात्रांनी भरू लागली. विषय सरकारला चालणारे होते. पण लाकडाची निवड, पटाशीचा हात, उंच खांबाचा तोल, वरच्या छपराचा उतार हे सगळं जुन्या क्रूसवाल्यांचं होतं. देव घडवणाऱ्यांचा हात या निमित्ताने चालू राहिला. १९९० मध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा क्रूस पुन्हा करायला हात तयार होते. ही विद्या नव्याने शिकवावी लागली असती तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. युनेस्कोने २००१ मध्ये क्रूस घडवण्याच्या या परंपरेचा गौरव केला आणि २००८ मध्ये तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. यादीत नाव कुठल्याही एका क्रुसाचं नाही, घडवण्याचं आहे.

नोंदी ठेवणाऱ्यांचेही उपकार आहेत. चित्रकार आदोमास व्हार्नास यांनी क्रुसांची छायाचित्रं काढून १९२६ मध्ये संग्रह प्रसिद्ध केला. बालिस बुराचास कॅमेरा घेऊन खेडोपाडी हिंडले आणि क्रुसांबरोबर चाती, नांगर, लग्नं, शेतकामं टिपत राहिले. इग्नास कोंच्युस हे पेशाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, पण झेमाइतियाच्या रस्त्यांवरून जाताना दुतर्फा दिसणारे क्रूस आणि छोटी देवघरं मोजत, लिहून ठेवत. काही वर्षांनी त्याच रस्त्यांवर परत जाऊन पुन्हा मोजत, किती पडले, किती नवे आले. मोजणाऱ्या माणसाचं प्रेम मला समजतं. त्याला फक्त वर्णन पुरत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या वस्तूकडे येते. तिचं नाव सोदाई, म्हणजे बागा. गव्हाच्या कुळातलं राय नावाचं धान्य इथल्या रेताड जमिनीत, कडाक्याच्या थंडीत तग धरतं. त्याच्या काडांपासून केलेला हा लटकता, पोकळ, अनेक कोनांचा झुंबर जेवणाच्या टेबलावर, लग्नात वधूवरांच्या डोक्यावर, बाळाच्या पाळण्यावर टांगतात. भरभराट व्हावी, घर नांदावं एवढीच त्यामागची प्रार्थना. मराठी वाचकाला पटकन डोळ्यांपुढे आणायचं तर घरी बांबूच्या कामट्यांचा केलेला, कागद न चिकटवलेला आकाशकंदील आठवावा. फक्त इथे एका कंदिलाच्या कोपऱ्यांना छोटे, त्यांच्या कोपऱ्यांना आणखी छोटे असे लोंबत जातात.

काउनासजवळच्या एका हस्तकला केंद्रात मी ते करायला शिकले. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. पहिल्या दिवशी त्यांनी दोरा हातात दिलाच नाही. काडांची पेंढी पुढ्यात टाकली आणि निवडायला बसवलं. प्रत्येक काडाला पेरं असतात. पेऱ्याची गाठ कापून टाकायची आणि मधला पोकळ, सरळ भाग घ्यायचा. तळाकडचा भाग जाड, कणसाकडचा बारीक, म्हणून जाड-बारीक वेगळे ढीग. वरचं कोरडं आवरण सोलून काढलं की आतलं काड सोन्यासारखं चमकतं. मग कोमट पाण्यात भिजवायचं, नाहीतर कापतानाच ते उभं चिरतं. मग मोजून सारख्या लांबीचे तुकडे. चार तुकड्यांतून तागाचा नव्हे, लिननचा दोरा ओवून चौकोन करायचा; चार काड्या वर नेऊन टोकाला बांधायच्या, चार खाली. बारा काड्यांत दोन पिरॅमिड पायथ्याला पायथा लावून उभे राहतात. हा झाला एक घटक. मोठ्या बागेत असे कितीतरी लागतात.

बाई सांगत होत्या ते माझ्या मोडक्या लिथुआनियनमध्ये अर्धंच कळायचं, पण हात पाहिले की उरलेलं कळायचं. गाठ मारताना दोरा किती ओढायचा हे शब्दांत सांगताच येत नाही. कमी ओढला तर कोपरा लुळा पडतो, जास्त ओढला तर काडाचं तोंड चिरतं. सगळं झाल्यावर टांगायचं आणि मागे सरकून पाहायचं. एखादी काडी केसभर आखूड असली तरी पूर्ण बाग एका अंगाला झुकते. नीट जमली असेल तर खोलीत कुणी दार उघडलं, मेणबत्ती लावली, तरी ती हळूहळू फिरायला लागते.

सोदाईची कला युनेस्कोच्या यादीत २०२३ मध्ये गेली. त्याच बैठकीत आपल्याकडचा गुजरातचा गरबाही त्या यादीत आला होता. काउनासमधल्या आमच्या भारतीय गोतावळ्यात तेव्हा गरब्याचा आनंद झाला आणि मी एकटीच दोन आनंद घेऊन बसले होते.

पण यादीत नाव गेल्याने काड मिळत नाही. कम्बाइन मशिनने कापलेल्या रायचं काड चेंदामेंदा होऊन बाहेर पडतं. त्यातून चार इंच अखंड नळी निघत नाही. बागेसाठी काड हाताने, विळ्यानेच कापावं लागतं आणि तेही दाणा पुरता कडक होण्याआधी. म्हणजे शेत हवं, त्या शेतात उंच वाढणारी राय हवी, ती योग्य दिवशी कापणारा माणूस हवा. हस्तकला जपायची म्हटली की लोक कारागिराकडे पाहतात. त्याच्या मागे उभं असलेलं शेत कुणाला दिसत नाही.

लिननचं तर याहून बिकट आहे. ज्या झाडाच्या खोडातून लिननचा धागा निघतो, ते झाड म्हणजे आपलं जवस. माझं माहेर यवतमाळकडचं. आमच्याकडे जवस म्हणजे चटणी आणि तेल. त्याच वनस्पतीच्या उंच, कमी फांद्यांच्या वाणातून कापड होतं हे मला इथे येऊन कळलं आणि तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली. पीक कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धाग्याची लांबी वाया जात नाही. बोंडं ओरबाडून बी काढतात. मग खोडं कुरणावर पसरून आठवडे-आठवडे दवात कुजू देतात, कारण खोडाचा चिकट भाग कुजल्याशिवाय धागा सुटत नाही. नंतर शेकोटीच्या ऊबेवर वाळवणं, लाकडी यंत्रात मोडणं, झोडपणं, विंचरणं, कातणं, विणणं. इथल्या लोककथांत रात्री कोठारात शिरलेल्या सैतानाला जवसाच्या या हालांची लांबलचक कहाणी ऐकवत ठेवतात. ती संपेपर्यंत कोंबडा आरवतो आणि सैतान निघून जातो. ज्यांनी ते काम केलं त्यांनाच अशी कथा सुचू शकते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जवस हा लिथुआनियाच्या निर्यातीतला मोठा माल होता. आज युरोपातलं बहुतेक धाग्याचं जवस फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये पिकतं आणि लिथुआनियात निळ्या फुलांचं शेत शोधत हिंडावं लागतं. लिनन मात्र दुकानादुकानांत 'लिथुआनियन' म्हणून विकलं जातं. विणकाम इथलं असेलही, आणि ते सुरेखच असतं. पण शेतापासून कापडापर्यंतची साखळी तुटली की मधल्या किती हातांची विद्या गेली याचा हिशोब कुणी मांडत नाही.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असं नाही, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. २००७ मध्ये राष्ट्रीय वारसा-उत्पादनांचा कायदा झाला. वस्तू कशापासून केली, कोणत्या पद्धतीने केली, तिचं रूप परंपरेला धरून आहे का, हे जाणकार तपासतात आणि मग तिला प्रमाणपत्र व चिन्ह मिळतं. रायच्या पिठाचा पाव, काळी मातीची भांडी, विणलेले कंबरपट्टे, कोरीव मुखवटे, मधाचं पेय अशा नाना वस्तूंवर ते दिसतं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने याचा उपयोग मोठा आहे. मार्चच्या सुरुवातीला राजधानी व्हिल्नियसमध्ये संत काझिमिएरासच्या नावाने काझ्युकास जत्रा भरते. पूर्ण जुनं शहर माणसांनी फुलतं. तिथे लाकडी चमचे, टोपल्या, घंटा यांच्या शेजारी कारखान्यातून आलेला मालही बेमालूम मांडलेला असतो. चिन्ह नसेल तर नवख्याने ओळखायचं कसं?

काहींचा आक्षेप असतो की प्रमाणपत्राने परंपरा गोठते, कारागीर समितीला आवडेल तेवढंच करतो. आक्षेप खोटा नाही. पण कारागिरालाच विचारलं तर वेगळं उत्तर मिळतं. प्रमाणपत्राची वस्तू तो जत्रेत विकतो आणि मनातली नवी कल्पना घरी करून पाहतो. दोन्ही चालू असतं. मला त्यात विसंगती वाटत नाही.

काझ्युकास जत्रेची खरी शान म्हणजे व्हेर्बोस. रानफुलं, गवताच्या काड्या, तुरे वाळवून, काही रंगवून, काठीभोवती ओळीने बांधलेल्या रंगीत छड्या. ईस्टरच्या आधीच्या रविवारी लोक त्या चर्चमध्ये नेतात. बांधताना दोरा एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताने फुलांची ओळ खाली सरकवत जायची असते. बायका गप्पा मारता मारता करतात आणि नक्षी चुकत नाही. व्हिल्नियसच्या आसपासच्या ज्या खेड्यांत ही विद्या पिढ्यानपिढ्या आहे, तिथली पुष्कळ घरं पोलिश बोलणारी आहेत. लिथुआनियन वारसा असं म्हणताना हेही नीट म्हटलं पाहिजे. तसंच त्राकाई गावच्या कराईम लोकांचं. ग्रँड ड्यूक व्हिताउतासने चौदाव्या शतकाच्या अखेरीस क्रिमियाकडून आणून वसवलेला हा छोटा समाज. त्यांचे मटण भरलेले, करंजीसारखे किबिनाई आज साऱ्या देशाचे झाले आहेत. वारसा जपणाऱ्यांनी एका भाषेची, एका रक्ताची कुंपणं घालू नयेत, असं मला फार मनापासून वाटतं. इथल्या बहुतेक कारागिरांनी ती घातलेली नाहीत.

सुतार्तिनेस या गाण्यांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही, जरी ती हाताची कला नाही. ईशान्येकडच्या बायकांची ही गाणी. दोन-तीन-चार आवाज एकमेकांना इतके खेटून जातात की नवख्या कानाला आधी बेसूर वाटतात आणि मग अंगावर काटा येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती गाणारी माणसंच संपत आली होती. झेनोनास स्लाव्हियूनास यांनी गोळा केलेली गाणी १९५८-५९ मध्ये तीन खंडांत छापून आली, आणि नंतरच्या पिढीने ती पुस्तकं आणि जुनी ध्वनिमुद्रणं यांवरून पुन्हा गळ्यावर चढवली. २०१० मध्ये तीही युनेस्कोच्या यादीत गेली. तुटलेला धागा कागदावरून जोडता येतो, याचा हा धडधडीत पुरावा. मात्र त्यासाठी कुणीतरी वेळेत लिहून ठेवलेलं असावं लागतं, आणि दोरा किती ओढायचा ते कागदावर उतरत नाही.

म्हणून मला वाटतं की यापुढचं लक्ष शेताकडे जायला हवं. जत्रा भरतात, केंद्रं बांधून झाली, प्रमाणपत्रं आहेत. वारसा-उत्पादनांचा तो कायदा राबवणं इथे कृषी मंत्रालयाकडे आहे, आणि ही गोष्ट मला फार आशेची वाटते. ज्या खात्याला राय आणि जवस कळतं, त्याच खात्याकडे काडाची बाग आणि लिननचा पट्टा आहे. लांब काडाच्या रायच्या वाणासाठी, धाग्याच्या जवसाच्या एखाद्या एकरासाठी, ओकच्या सावकाश वाळवलेल्या लाकडासाठी मदत द्यायला वेगळं खातं शोधायची गरज नाही. शिकाऊ मुलाला वर्षभर कारागिराजवळ राहता येईल एवढी शिष्यवृत्ती मिळाली, तर त्याला विळा धरण्यापासून सगळं शिकता येईल.

आमच्या बाईंनी घरामागे रायची एक पट्टी ठेवली आहे. सप्टेंबरात पेरायची, हिवाळाभर बर्फाखाली राहू द्यायची, पुढच्या उन्हाळ्यात कापायची. केंद्रात शिकायला येणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्या पट्टीचं काड पुरेनासं झालं. तेव्हा त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला गाठलं. त्याचं शेत मोठं, कापणी मशिनची, वेळ त्याच्याकडे मुळीच नाही. तरी रस्त्याकडेची एक कड मशिन न घालता सोडायला तो तयार झाला आहे. अट एकच, निरोप मिळाला की दोन दिवसांत सगळ्यांनी येऊन ती हाताने कापून न्यायची.